बाबांना बीपी नाही, मग रक्ताच्या उलटीनंतर बीपीची गोळी कशाला?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना लिव्हर सिरॉसिस आहे, गेल्या महिन्यात रक्ताची उलटी झाली, दुर्बिणीतून बँड घातले आणि घरी सोडताना प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. वरचं बीपी ११० असताना ही गोळी बंद केली तर चालेल का?

कृपा करून परस्पर बंद करू नका. मी फिजिशियन आहे. 'बीपी नाही तर गोळी कशाला' असं शेजाऱ्याने सांगितलं म्हणून गोळी सोडलेला एक पेशंट माझ्याकडे पुन्हा रक्त ओकत आला होता. तेव्हापासून मी चिठ्ठीवर मराठीत लिहून देते: ही गोळी शिरांसाठी आहे.

सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला त्यातून नीट वाट मिळत नाही, पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढतो आणि ते रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांकडे वळतं. त्या फुगतात, फुटतात. हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. बँडने फुगलेली शीर बंद होते, मागचा दाब मात्र तसाच राहतो. प्रोप्रॅनोलॉलने हृदयाचे ठोके मंदावतात आणि आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पोर्टल शिरेत रक्तच कमी येतं. फ्रेंच डॉक्टर लेब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवलं की या गोळीने पुन्हा होणारा रक्तस्राव बराच कमी होतो. एकदा रक्तस्राव झालेल्यांना आज बँडिंग आणि गोळी दोन्ही देतात.

काही डॉक्टर कार्व्हेडिलॉल देतात, तेही चालतं. पण मेडिकलवाल्याने 'एकच आहे' म्हणून अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल दिलं तर घेऊ नका. त्यांचा भर हृदयावर असतो, आतड्यांकडच्या रक्तवाहिन्यांवर हवा तो परिणाम होत नाही.

बाबांना दमा असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर साखर उतरल्यावरची धडधड या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो. त्याकडे लक्ष ठेवा. वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, लघवी कमी झाली, पोटात पाणी वाढलं किंवा ताप आला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. तेव्हा डोस कमी करावा लागतो, कधी थांबवावाही लागतो. शी डांबरासारखी काळी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा.

रोज सकाळी बसल्या जागी नाडी मोजून वहीत लिहा. साधारण ५५ ते ६० हवी. पुढच्या बँडिंगला जाताना ती वही बरोबर न्या, डोस त्यावरूनच ठरेल.