कंपनीने स्थलांतराची मदत दिली, तर घराला भाव कमी मिळतो का?

नागपूरहून पुण्याला बदली झाल्यावर मनीषनगरचा फ्लॅट विकताना कंपनीच्या मदतीचा भावावर परिणाम होईल का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते भाव पडतो तो मदतीमुळे नव्हे, तर मुदतीमुळे. ठरावीक तारखेपर्यंत घर विकल्यासच भत्ता मिळणार असेल आणि ही गोष्ट दलालाकडून ग्राहकाला कळली, तर तो निश्चितच घासाघीस करतो. उलट, पुण्यातील तात्पुरत्या घराचे भाडे कंपनी काही महिने भरणार असेल, तर आपल्याला योग्य ग्राहकाची वाट पाहता येते आणि भाव टिकतो. अमेरिकेत काही कंपन्या मूल्यांकन करून कर्मचाऱ्याचे घर हमीने विकत घेण्याची सोय करतात. आपल्याकडे मदत बहुधा सामानाची वाहतूक, प्रवास आणि तात्पुरता निवास एवढ्यापुरतीच असते.

घाईत भाव उतरवताना रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर अवश्य पाहावा, कारण त्यानुसारचे मूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरले, तर भांडवली नफा त्या मूल्यावरूनच मोजला जातो आणि न मिळालेल्या पैशांवरही कर भरावा लागतो. म्हणून कंपनीकडे रोख रकमेऐवजी आधी मुदतवाढ मागावी, आणि बदलीची तारीख दलालालाही सांगू नये.