घराच्या तोडफोडीसाठी भाड्याने आणलेला डंपस्टर कसा भरावा, म्हणजे एका खेपेत काम होईल आणि कुणाला इजाही होणार नाही?

तुम्ही लिहिलंय की घर आतून पार सोलून काढताय, आठवड्यासाठी 20 यार्डाचा डंपस्टर (राडारोडा भरायचा मोठा लोखंडी डबा, जो कंपनीची गाडी आणून ठेवते आणि भरल्यावर घेऊन जाते) ठरवलाय आणि कपाटं, फरशा, प्लॅस्टर, कार्पेट, गादी असं सगळं त्या एकाच डब्यात जावं अशी इच्छा आहे. तोडफोडीच्या कामांवर माझं रोजचं येणं-जाणं असतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी वजनाचं बोलू. आपण डब्यात जागा किती उरली ते बघत बसतो, डबा भाड्याने देणारी कंपनी बघते वजन. 20 यार्ड म्हणजे 20 घनयार्ड, साधारण 15 घनमीटर. फोडलेल्या काँक्रीटचा एक घनमीटर ढीग ढोबळमानाने दीड टनाच्या आसपास जातो. म्हणजे नुसत्या डबराने डबा काठोकाठ भरलात तर वीस टनांच्या वर गेलात! एवढा बोजा घेऊन गाडी जागची हलायची नाही. चालक सरळ सांगतो, निम्मं उतरवा. आणि भरलेल्या डब्यातून डबर पुन्हा उपसणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. गाडी निघालीच, तरी पुढे वजनकाटा आहे. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं आणि ठरलेल्या टनांच्या वर जे निघेल त्याचे पैसे वेगळे लागतात.

म्हणून डबा यायच्या आधी कंपनीला फोन करून एवढंच विचारा: 'फरशा, विटा, माती यातलं किती चालेल आणि कुठल्या उंचीपर्यंत?' जड माल जास्त निघणार असेल तर त्याच्यासाठी लहान डबा वेगळा मागवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं काँक्रीट आणि विटा वेगळ्या दिल्या तर त्याची खडी करून पुन्हा वापरता येते. एकदा त्यात कार्पेटचे तुकडे मिसळले की तोच माल कचरा होतो.

डबा कुठे ठेवायचा तेही आधीच ठरवा. गाडी तो मागून घसरवत उतरवते, तेव्हा गाडीचा सांगाडा बराच उंच उठतो. वर तारा किंवा फांद्या नकोत, खाली उतार नको. गटाराच्या झाकणावर तर मुळीच ठेवू नका. अंगणात फरसबंदी असेल तर डब्याच्या चाकांखाली जाड फळ्या घालायला लावा. मागचं दार पूर्ण उघडून डब्याच्या बाजूला टेकेल एवढी मोकळी जागा मागे हवी, कारण खरं काम त्या दारातूनच होतं. नवखी माणसं दार बंद ठेवून चार फूट उंच कडेवरून एकेक घमेलं वर उचलत बसतात. दार उघडा, साखळीने बाजूला बांधून टाका (वाऱ्याने फिरलं तर माणूस आडवा करतं), आणि ढकलगाडी सरळ आत न्या. सगळ्यात पुढच्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे मागे मागे येत भरा. डबा अर्धा भरला की दार लावून घ्या, मग हलकं तेवढं वरून टाका.

आता थर. फरशा, विटा, प्लॅस्टरचे तुकडे तळाला जातील, पण ढीग करून नव्हे, सगळ्या तळावर सारखे पसरून. गाडी डबा ओढून घेते तेव्हा तो तिरका होतो आणि मोकळा जड माल दाराकडे सरकतो. सगळा बोजा एकाच बाजूला असेल तर वळणावर गाडी त्या अंगाला झुकते. जड मालावर लाकूड आणि सपाट पत्रे, त्यावर कार्पेट, पुठ्ठे, थर्मोकोल. लांब पट्ट्या डब्याच्या लांबीला समांतर लावा. आडव्या-तिडव्या टाकल्या की खाली पोकळ्या राहतात आणि आपण पैसे मोजून हवा पाठवतो.

सगळ्यात जास्त हवा असते ती कपाटात. सहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल कपाट उभंच्या उभं आत ढकललं तर 48 घनफूट गेले, म्हणजे जवळजवळ दोन घनयार्ड. तेच आधी दारांच्या बिजागऱ्या काढून, मग पाठीचा प्लाय ठोकून सोडवून, शेवटी बाजू आणि फळ्या सुट्या करून एकावर एक रचलं तर चार-पाच इंच जाडीची चळत होते. आठ-दहा घनफुटांत काम आटोपतं. ड्रिलला स्क्रू काढायचं टोक लावा, अर्ध्या तासाचं काम आहे. जे सुटं होत नाही, उदाहरणार्थ जुना टब, ते तोंड वर करून ठेवा आणि त्याच्या पोटात बारीक राडारोडा भरा. कार्पेट तीन-चार फुटी पट्ट्यांत कापून, गुंडाळून, सुतळीने बांधा. कचऱ्याच्या पिशव्यांना गाठ मारण्याआधी हवा काढा. गादीचं आधी कंपनीला विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी ती वेगळीच द्यावी लागते.

एक गोष्ट करू नका: माल दबावा म्हणून वर चढून उड्या मारणं. तुटक्या फळ्यांतले खिळे वर तोंड करून बसलेले असतात आणि पाय कुठे आत जाईल ते कळत नाही. फळी डब्यात टाकण्याआधी खिळा हातोडीने वाकवून आडवा केला की पुढच्याचा पाय वाचतो. जाड तळाचे बूट, चामड्याचे हातमोजे आणि चष्मा हवाच. काँक्रीट, फरशी फोडताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका (वाळू-दगडातलं खनिज) असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. तिथे तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. एन 95 मास्क लावा आणि माल आधी पाण्याने जरा भिजवा. एक जण आत उभा असताना दुसऱ्याने वरून काही फेकायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. घमेली अर्धीच भरा आणि साखळी करून हातोहात द्या. कंबरेत चमक भरली की काम दोन दिवस मागे जातं.

काय टाकायचं नाही याची यादी कंपनी देतेच: रंग, ऑइल, टायर, गॅसच्या टाक्या, ट्यूबलाइट (आत पारा असतो), फ्रिज आणि एसी (आतला वायू आधी काढून घ्यावा लागतो). मला जास्त धास्ती असते ती बॅटऱ्यांची. जुना ड्रिल, खेळणी, फुटका मोबाइल, कशातही लिथियमची बॅटरी असू शकते. ती चिरडली की पेट घेऊ शकते, आणि वर पुठ्ठा-कार्पेट तयारच असतं. जुन्या घरात सिमेंटचे पन्हळी पत्रे निघाले तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. फोडू नका, जाणकाराकडून काढून घ्या. जिप्सम बोर्डही जमलं तर वेगळा द्या. कचऱ्याच्या ढिगाखाली तो भिजून कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू.

रात्री ताडपत्री घाला. भिजलेलं कार्पेट आणि प्लॅस्टर पाणी पितं, आणि ते पाणी वजनकाट्यावर तुमच्या नावावर मोजलं जातं. शिवाय उघडा डबा दिसला की शेजारपाजारची जुनी खुर्ची सकाळी आत आलेली असते.

गाडी यायच्या दिवशी माल कडेच्या खाली आहे ना ते पाहा. वर डोकावणारी एखादी पट्टी असेल तर ती कापा, कारण ताडपत्री नीट बसली नाही तर चालक डबा नेत नाही. दाराची कडी पूर्ण बसली आहे का बघा, पण ती उघडून खात्री करायला जाऊ नका, आतला माल दारावर रेललेला असतो. समोरच्या गाड्या आदल्या रात्रीच हलवून ठेवा, आणि भरलेल्या डब्याचे दोन-तीन फोटो काढून ठेवा, वजनावरून किंवा आतल्या मालावरून पुढे बोलणं झालंच तर हाताशी असावेत.