मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये पूर्वी काय चालायचं?

नावावरून वाटतं तसं तिथे फक्त ऑपेरा कधीच नव्हता. 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकामही संपलं नव्हतं. पुढे याच रंगमंचावर बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली. मराठी संगीत नाटकाच्या या वारशाची आठवण आज फारशी काढली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1930 च्या दशकात तिथे सिनेमागृह झालं, 1990 च्या दशकात तेही बंद पडलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये पडदा पुन्हा उघडला. आता गाणं, नाटक, नृत्य सगळं होतं. गेलात तर घुमटाखालची चित्रं मान वर करून नक्की बघा.