चाळिशीत टाइप २ ऐवजी टाइप १ मधुमेह निघाला. आता इन्सुलिनशी कसं जुळवून घ्यायचं?

आधी एक सांगतो, टाइप २ समजून दिलेल्या गोळ्या लागू पडल्या नाहीत यात तुमच्या पथ्याचा दोष नव्हता. प्रौढ वयात सावकाश येणारा टाइप १, म्हणजे लाडा, सुरुवातीला टाइप २ सारखाच दिसतो. जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतंय का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय) या रक्ततपासण्या केल्यावरच फरक कळतो.

सुईची भीती बहुतेकांची लवकर जाते. खरं शिकायचं असतं ते साखर कमी होण्याबद्दल. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड जाणवली की लगेच तपासा. साखर ७० mg/dL च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. ग्लुकोज कायम खिशात ठेवा आणि घरच्यांनाही ही लक्षणं शिकवा.

पहिले काही आठवडे नजर धूसर वाटू शकते. साखर खाली येताना डोळ्यातल्या भिंगात बदल होतात, म्हणून चष्म्याचा नंबर घाईने बदलू नका. टोचण्याची जागा रोज बदला, नाहीतर तिथे गाठी होतात आणि डोस नीट लागू पडत नाही.

ताप-उलट्या असताना जेवण जात नसलं तरी दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासा, डॉक्टरांना फोन करा. जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या थांबवायच्या हेही स्पष्ट विचारून घ्या, कारण एसजीएलटी-२ गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या) गोळ्यांनी टाइप १ मध्ये रक्तात कीटोन धोकादायक पातळीपर्यंत साचण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका वाढतो.