आजीने मला जीव लावला, पण आईला छळले

उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर किंवा घरात कोणाचे वर्षश्राद्ध झाल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास घेऊन येते. विचारणारे बहुधा तिशी-चाळिशीतले, स्वतः आईवडील झालेले असतात आणि प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: ज्या आजीच्या कुशीत मी लहानाची मोठी झाले, तिने माझ्या आईला जाच केला होता हे मला आता कळते आहे, मग माझ्या लहानपणाच्या त्या सगळ्या आठवणी खोट्या समजायच्या का? काहींना आईसमोर आजीचे नाव काढण्याची चोरी वाटते, काहींना गेलेल्या आजीचा राग येतो आणि त्या रागाचीच पुन्हा लाज वाटते. घरातल्या एकाचे दुखणे सहसा त्या एकट्याचे नसते, ते नात्यांच्या जाळ्यात कुठेतरी अडकलेले असते, असे मानणाऱ्या समुपदेशकांपैकी मी आहे. इतकी वर्षे हा प्रश्न ऐकताना ते मत अधिकच पक्के झाले आहे. त्यातलीच एक हकिकत येथे देते. ओळखीचे तपशील बदललेले आहेत आणि अनेक भेटींमधले बोलणे मोजक्या संवादांत आणलेले आहे.

यातल्या बाईंना मी मेधा म्हणेन. नोकरी, संसार, दोन मुले असे सगळे व्यवस्थित असताना त्यांना अलीकडे झोप लागत नव्हती आणि रोज फोनवर बोलणाऱ्या आईशी त्या कामापुरतेच बोलू लागल्या होत्या. आजीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक आठवण लिहिली होती. रत्नागिरीकडचे घर, मे महिना, सारवलेले खळे, तूप लावलेल्या ताटांत उन्हात घातलेली रायवळ आंब्याची साठे म्हणजे आंबापोळ्या, हातात काठी घेऊन कावळे हाकणारी आजी आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून साठाची कड हळूच चाटणारी ही सहा-सात वर्षांची नात. चुलत भावंडांनी भरभरून कौतुक केले. रात्री आईचा फोन आला. आई एवढेच म्हणाली, "तू जिच्याबद्दल लिहिलं आहेस ना, ती बाई मला त्या घरात कधी भेटली नाही."

"म्हणजे मी इतकी वर्षं खोटं जगले का, मॅडम?" मेधा यांनी विचारले.

या प्रश्नाचे लगेच उत्तर देण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो. "दोघीही आपापल्या जागी बरोबर" असे म्हणून टाकले की ऐकणाऱ्याला घटकाभर बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी सगळे जागच्या जागी असते. मी त्यांना तीच आठवण पुन्हा सावकाश सांगायला लावली. खळ्यात ऊन कुठवर आलेले असे, आजीच्या लुगड्याला कसला वास येई, सगळे. त्या रंगून सांगत होत्या. मग मी विचारले, "त्या खळ्यात कोण कोण आहे?"

"आजी, मी, दोन चुलत भावंडं. आणि कावळे," त्या हसून म्हणाल्या.

"आणि आई?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. "आई आत असणार. पाट्या भरभरून आंबे यायचे ना, ते धुवायचे, पिळायचे, रस गाळायचा..." आणि मध्येच थांबून त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. "तिची बोटं सोलायची, मॅडम. चिकानं. रात्री मला थोपटायची तेव्हा तिचा हात खरखरीत लागायचा, म्हणून मी आजीकडे जाऊन झोपायचे."

इतका वेळ कोरडे असलेले त्यांचे डोळे भरून आले ते येथे. मी काहीच बोलले नाही, आणि त्या वेळी न बोलणे हेच माझे काम होते असे मला आजही वाटते. सल्ला देण्याची घाई करणाऱ्याच्या हातून नेमका असाच क्षण निसटतो. आजीची आठवण पुसण्याची गरज नव्हती. त्याच आठवणीच्या मागच्या दाराने आई आत आली होती आणि मेधा यांनी तिला स्वतःच आत घेतले होते.

आठवण खरी की खोटी, या शंकेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याच शंकेने अनेकांची झोप जाते. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्येच दाखवून दिले होते की आठवण ही जशीच्या तशी जपून ठेवलेली नोंद नसते, आपण ती दर वेळी नव्याने रचतो आणि रचताना आपल्याला जे ओळखीचे वाटते त्याकडे ती झुकते. पण नव्याने रचलेली म्हणजे खोटी असे मात्र नाही. सहा वर्षांच्या मुलीने जे पाहिले ते तिच्या उंचीवरून पाहिले होते. मांडी दिसली, स्वयंपाकघरातला जाच दिसला नाही, कारण मुलांना तो दिसू नये याची काळजी बहुधा खुद्द आईच घेत होती. आपल्या घरांतल्या कित्येक सुखी लहानपणांचा खर्च असा कोणीतरी आत बसून उचललेला असतो.

दुसरी गोष्ट सासूबद्दलची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासुरवासाची दुःखे आहेत आणि लेकरांचे कौतुकही आहे. हे दोन्ही गाणाऱ्या बाया काही वेगवेगळ्या नव्हत्या. सासुरवास गाणारी सून पुढे स्वतः सासू झाली, आणि सुनेवर जी सत्ता गाजवायची असा रिवाज होता ती नातवंडांवर गाजवण्याचे तिला कारण नव्हते, त्यामुळे अडवून ठेवलेली सगळी माया तिकडे वाहिली. हे समजून घेतल्याने आजीचा अन्याय माफ होत नाही. मेधा यांनाही मी हे स्पष्ट सांगितले, कारण अन्यायामागचे कारण समजणे आणि दोष धुऊन निघणे यांत आपल्याकडे फार गल्लत होते.

मी त्यांना एकच काम दिले. आईकडे जायचे आणि विचारायचे, "त्या मे महिन्यांत तू काय करत होतीस?" मग ऐकायचे. आईच्या बोलण्यात "पण" हा शब्द एकदाही घालायचा नाही, आजीची बाजू सांगायची नाही, आणि "सोडून दे आता, ती गेली" असे तर मुळीच म्हणायचे नाही.

आई उशिरापर्यंत बोलली. साठांच्या त्याच हंगामात एका वर्षी तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता, आणि घरात आंबे पडलेले असताना सून माहेरी कशी पाठवायची म्हणून तिला थांबवून घेतले होते. पाऊस तोंडावर आला तेव्हा ती पोचली, पण तोवर वडिलांची वाचा गेली होती. हे तिने मुलीला कधीच सांगितले नव्हते. आणि शेवटी, न विचारता, ती म्हणाली, "मला ताप असायचा तेव्हा तीच तुला रात्रभर कुशीत घेऊन बसायची. ते काही खोटं नव्हतं. पण तू लिहिलेलं वाचलं आणि वाटलं, मी त्या घरात नव्हतेच की काय."

मेधा यांनी हे मला सांगितले तेव्हा आपला अंदाज बरोबर निघाल्याचे समाधान मला झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. लेकीने आजीवर प्रेम करू नये असे आईला कधीच म्हणायचे नव्हते. तिला त्या चित्रात आपली जागा हवी होती. मरी बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी कुटुंबातल्या अशा तिढ्यांना त्रिकोण म्हटले आहे. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसरा त्यात ओढला जातो, आणि नातवंडे पुष्कळदा असे तिसरे असतात. सासू-सुनेचा हिशेब त्या दोघींचा होता. तो मिटवणे, त्यावर निकाल देणे किंवा एकीच्या वतीने दुसरीचा द्वेष करणे ही नातीची जबाबदारी कधीच नव्हती.

ज्यांची आई अजूनही रागात आहे त्यांनी तिच्याकडून क्षमेची अपेक्षा धरू नये. काही अन्याय क्षमा न करताही माणसे नीट जगतात. आई वारंवार आजीबद्दल कडू बोलून तुमच्याकडून होकार मागत असेल, तर "तुला जे सोसावं लागलं ते मला पटतं, तिच्याबद्दल मला काय वाटतं ते मात्र माझं मला ठेवू दे" असे शांतपणे आणि एकदाच म्हणावे. आई हयात नसेल तर मावशीला, आत्याला, त्या घरात सून म्हणून आलेल्या काकूला विचारावे. काकू लोकांना पुष्कळ ठाऊक असते आणि त्यांना सहसा कोणी विचारत नाही. आणि आजीने खुद्द तुम्हालाच मारझोड किंवा भेदभाव सोसायला लावला असेल, मुलाला दूध आणि मुलीला ताक असे झाले असेल, तर तो विषय निराळा आहे. त्याला ही हकिकत लावू नये. झोप, भूक किंवा कामकाज आठवड्यांमागून आठवडे बिघडलेले असेल तर जवळच्या तज्ज्ञाला गाठावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही त्यासाठीच आहे.

शेवटच्या भेटीत मेधा यांनी विचारले की मुलांना पणजीबद्दल काय सांगायचे. मी म्हटले, साठांची गोष्ट जरूर सांगा, फक्त रस कोणी काढला तेही सांगा. मुलांनी त्यांच्या आजीलाच जाऊन विचारले, तर किती सांगायचे ते तुमच्या आईला ठरवू द्या.