पुस्तकं आणि पक्षी दोन्हींची आवड असेल, तर वेंगुर्ल्याला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मालवण-तारकर्ली करून झालंय, वाचनाचं वेड आहे, दुर्बीण गळ्यात असते, आणि "लेखकांचं गाव" म्हणून कुणी तरी वेंगुर्ल्याचं नाव सुचवलंय. दोन दिवस काढून जाण्यासारखं तिथे काही आहे का, की नुसतंच नाव?

मी तिथलाच, त्यामुळे थोडा पक्षपात धरूनच चाला. पण जा. फक्त लेखकांची घरं आणि पाट्या बघत फिरायचा बेत असेल तर फार काही हाती लागणार नाही. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, जन्म १० मार्च १९२९. त्यांच्या नावाने उभादांड्याला अलीकडे सरकारने 'कवितांचं गाव' केलंय. शिरोड्याला वि. स. खांडेकरांचं स्मारक-संग्रहालय आहे. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, तेंडोलीजवळच्या बागलांच्या राईतले, जन्म १९३०चा. जयवंत दळवी आरवलीचे. एवढी मंडळी एवढ्याशा टापूत, आणि सगळी एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर! बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

हे का झालं याचं माझं उत्तर रोमँटिक नाही. वेंगुर्ला हे चालतं बंदर होतं. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला तिचा वापर केला. वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्यात म्हणून उभ्या आहेत म्हणा. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून गाव इंग्रजांकडे गेलं. पुढे बेळगावकडचा कापूस घाट उतरून इथे यायचा आणि गलबतांत चढायचा. मग १८८०च्या दशकात रेल्वे गोव्यात मुरगावला पोचली आणि माल तिकडून जायला लागला. बंदराचा धंदा बसला तो बसलाच. उरली मुंबईची बोट. शिकलेला मुलगा त्या बोटीत बसून मुंबई गाठायचा, नोकरी धरायचा आणि गावाची आठवण काढत लिहायचा. दळवी, पाडगावकर, खानोलकर तिघेही शेवटी मुंबईचेच झाले. आणि ज्या किनाऱ्यावर मोठी गोदी, कारखाने व्हायचे तो तसाच पडून राहिला. साहित्य आणि इथल्या वाळूत अंडी घालायला येणारी कासवं, दोन्ही त्या बसलेल्या धंद्याच्या पदरात पडलेली आहेत, असं मला वाटतं.

खांडेकर मात्र उलट दिशेने आले. सांगलीत जन्मलेला हा माणूस १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला आणि १९३८ पर्यंत तिथे राहिला. त्यांची उमेदीची वर्षं तिथे गेली. 'ययाती'ला ज्ञानपीठ मिळालं ते पुष्कळ नंतर, १९७४चं. शिरोड्यात मिठागरं आहेत, आणि मे १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. आज तुम्ही हिवाळ्यात गेलात तर त्याच मिठागरांच्या बांधांवरून चालताना चिखले, तुतारी असे पाहुणे पक्षी दिसतील. सकाळी लवकर जा, उन्हं वर आली की खाऱ्या पाण्यावरून इतकी तिरीप येते की दुर्बिणीतून काही दिसत नाही.

आरवली वाटेतच आहे. वेतोबाच्या देवळात थांबा. केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहिलेल्या दिसतील. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. जायच्या आधी दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' वाचलं असेल तर देवळाच्या आवारात बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याकडे तुम्ही जरा संशयानेच बघाल.

पण एकच जागा निवडा म्हणालात तर मी कोंडुरा सांगेन.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, वायंगणीला लागून आहे. वाळू थोडी, कातळ फार. कातळाला खोल भेगा आहेत. भरतीच्या वेळी लाट आत शिरते, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग आतून एक दबका हुंकार येतो आणि पाणी फवाऱ्यासारखं वर फेकलं जातं. ओहोटीला जाल तर यातलं काही अनुभवायला मिळणार नाही, तेव्हा भरतीची वेळ कुणा मच्छीमाराला विचारून घ्या. खानोलकरांची 'कोंडुरा' कादंबरी (१९६६) याच नावाची. श्याम बेनेगलांनी त्यावर सिनेमा केला, तो तेलुगूतही निघाला, त्यामुळे गंमत अशी की पडद्यावर तो किनारा आपला राहिलाच नाही. कादंबरीत वरदान मिळालेल्या माणसाची जी फरफट होते ती समजायला तो आवाज ऐकलेला बरा. खानोलकरांना कुठल्या पक्ष्याचं नाव काय याच्याशी कर्तव्य नव्हतं, पण काळोख, पाणी, भीती यांची त्यांना असलेली जाण मला आपल्याकडच्या बऱ्याच निसर्गलेखनापेक्षा खरी वाटते. खांडेकरांचा समुद्र मला नेहमी कशाचं तरी प्रतीक वाटत आलाय. हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

आणि तिथून हाकेच्या अंतरावर वायंगणीची वाळू, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. एके काळी ती सर्रास काढून खाल्ली-विकली जायची, आता गावातलीच माणसं पहाटे किनारा धुंडाळून घरटी शोधतात आणि जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात, नाहीतर कुत्री आणि कोल्हे ठेवत नाहीत. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं : वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर.

पिल्लांची टोपली समुद्राजवळ वाळूत उपडी केली की सुरुवातीला काहीच घडत नाही. अंगठ्याएवढी काळपट पिल्लं, पाठीवर वाळू चिकटलेली, मेल्यासारखी पडलेली. मग एक पिल्लू वल्ह्यासारखा पुढचा पाय हलवतं. माणसाच्या पावलाचा खड्डासुद्धा त्याला दरी असते, त्यात पडतं, उलटं होतं, पुन्हा सरळ होतं. पहिली लाट त्याला होतं त्याच्या मागे आणून टाकते. बघणाऱ्यांना हात लावायची फार इच्छा होते. लावू नका, आणि फ्लॅशही मारू नका.

हाच हंगाम दशावताराचाही. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि मोचेमाडकर, पारसेकर, खानोलकर अशा नाटक कंपन्या रात्र रात्र खेळ करतात. लिखित संहिता नसते, कथा ठरलेली आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे. तालुक्याच्या साहित्याबद्दल बोलताना लोक याला धरतच नाहीत, ते मला पटत नाही. रात्री जत्रा आणि पहाटे कासवं, असा बेत जमवता आला तर झोपेचं पुढे बघता येईल.

सकाळी बंदरावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर थांबा. "काय गावला?" म्हणून विचारलंत तर "काय नाय ओ, सगळो केर" हे उत्तर ठरलेलं, जाळ्यात तारली उड्या मारत असली तरी.

समुद्रात दूरवर खडकांचा पुंजका दिसतो तो वेंगुर्ला रॉक्स, आमच्याकडे कुणी निवती रॉक म्हणतं. तिथे दीपगृह आहे, आणि एका बेटाच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची वसाहत. या पाकोळ्या लाळेने घरटी चिकटवतात आणि गुहेच्या अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी गेल्या शतकात इथल्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांवर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलंय. घरट्यांना परदेशात सूपसाठी भारी किंमत, त्यामुळे या शतकाच्या सुरुवातीला चोरीचा प्रकार उघडकीला आला आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचं काम हाती घेतलं. तुम्ही तिथे उतरायच्या भानगडीत पडू नका. होडीतून लांबूनच बघा. वाटेत हंपबॅक डॉल्फिन दिसण्याची शक्यता चांगली असते.

काजू घेणार असाल तर एवढं माहीत असू द्या की 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती गावातल्याच फळ संशोधन केंद्राच्या. 'रत्ना' आणि 'सिंधू' आंबेही तिथलेच.

रेल्वेने येत असाल तर कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा, पुढे एसटी आहे. डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसात कोंडुऱ्याच्या कातळावर अजिबात उतरू नका, शेवाळ्याने पाय जातो आणि लाट कुठून येईल सांगता येत नाही.