नाणेपेटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, दोन रुपयांच्या जुन्या नाण्यावर एका बाजूला सिंह आहेत आणि दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे आणि खोलगट. ओळखीचा दुकानदार म्हणतो, हा कुणाचा तरी उद्योग आहे. खरं काय? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगणार नाही, तपासायचं कसं ते सांगतो. टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये येते, दाब पडतो आणि तयार नाणं बाहेर फेकलं जातं. क्वचित एखादं नाणं वरच्या किंवा खालच्या ठशाला चिकटून बसतं. मग पुढच्या चकतीपर्यंत तो ठसा पोचतच नाही. चिकटलेल्या नाण्याचे सिंहच तिच्यात रुततात, आरशातल्यासारखे उलटे. आम्ही संग्राहक याला ‘ब्रॉकेज’ म्हणतो आणि त्याला चांगले पैसे मोजतो.

म्हणूनच नकला होतात. दोन नाणी वाइसमध्ये, म्हणजे कारागिराच्या स्क्रूने आवळायच्या पकडीत, घालून आवळली की झालं. तुमचं नाणं अकरा कोनांचं, म्हणजे १९९२ नंतरचं. त्याच्या खोलगट बाजूवर तिरपा उजेड पाडा आणि भिंगातून बघा. चेपलेल्या ‘२’ची किंवा भारताच्या नकाशाची पुसट रेघ जरी दिसली, तरी नाणं बाहेर बिघडवलेलं आहे. खऱ्या ब्रॉकेजवर नकाशा मुळात उमटलेलाच नसतो. मग नाणं उलटवून सरळ सिंहांकडे बघा. वाइसच्या जबड्याने त्यांची नाकं सपाट झालेली असतात. वजनाच्या भानगडीत पडू नका. खरं असो वा खोटं, ते सहा ग्रॅमच भरणार.

प्रश्न : आजीचे लक्ष्मीपूजनाचे तीन रुपये आहेत : १९०७, १९४४ आणि १९४७. सराफ म्हणतो, चांदीच्या भावाने घेतो. द्यावेत का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तिन्ही एकाच भावाने घेत असेल, तर एक तर तो भोळा आहे किंवा तुम्हाला भोळं समजतोय. बिनमुकुटाच्या एडवर्ड राजाचा १९०७ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४४ चा रुपया वजनाला तेवढाच, पण महायुद्धाच्या काळातला. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली होती, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. यात चांदी ५.८ ग्रॅम. १९४७ च्या, वाघाच्या रुपयात चांदीचा कणही नाही. तो निकेलचा. लोहचुंबक लावा, उडी मारून चिकटेल.

१९४४ च्या रुपयावर बारीक ‘एल’ हे इंग्रजी अक्षर दिसलं, तर तो लाहोरच्या टांकसाळीचा. युद्धात मुंबई-कलकत्त्यावर भार पडला म्हणून ती उघडली होती. दुर्मिळ नाही, पण मी असता तर वितळायला दिला नसता.

आणि कृपा करून येत्या दिवाळीला चिंच-राखेने घासू नका! दरवर्षी घासून घासून एडवर्डचं कान-नाक गेलं, की संग्राहक हात लावत नाही आणि उरतो तो सराफाचाच भाव.

प्रश्न : पाच रुपयांची जाड नाणी कुठे गेली? (एक वाचक, लातूर)

उत्तर : एसटीत वाहक होतो तेव्हा माझी पिशवी त्यांनीच जड व्हायची. नऊ ग्रॅमचं नाणं : पाऊण भाग तांबं, पाव भाग निकेल. धातू इतके महागले की नाणं वितळवणं त्याच्या किमतीपेक्षा फायद्याचं झालं. सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. सरकारने २००७ मध्ये सहा ग्रॅमचं पोलादी नाणं काढलं, २००९ पासून पितळी रंगाचं. नाणी वितळवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा घरी असलीच तर राहू द्या.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख मिळतात म्हणे. आधी नोंदणीचे पैसे मागतायत. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भरू नका. २०१२ चं ते नाणं पाच आणि दहा रुपयांत निघालं, आणि आजही व्यवहारात तेवढ्यालाच चालतं. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय. ती असले पैसे कुणाकडूनच घेत नाही.